कळवणं, आमंत्रण आणि निमंत्रण : फोनवरच्या लग्नपत्रिकेविषयी



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने आमच्या हातात चिठ्ठी ठेवली. त्यांच्या मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तावर आहे. मुलगी म्हणते, कागदाची एकही पत्रिका छापायची नाही, झाडं तोडून लग्न करायचं नाही, सगळं फोनवर. आजी म्हणते, फोनवर बोलावणार असाल तर फोनवरच जेवायलाही वाढा. आणि चिठ्ठीच्या शेवटी प्रश्न : ‘सर, यात तत्त्वज्ञान काय सांगतं?’

अशा वेळी तत्त्वज्ञान सहसा काही सांगत नाही, घरातल्या आजीचं ऐकावं, हा आमचा आजवरचा अनुभव आहे. (हशा) पण या चिठ्ठीतला प्रश्न आमच्याही घरात दोनदा येऊन गेला. पहिल्या वेळी आम्ही चुकलो. म्हणून आज ठरलेला विषय बाजूला ठेवून याच्यावरच बोलू या.

सुरुवात हिशेबाने करू. पर्यावरण म्हटलं की आपण लगेच भावनेत शिरतो, आणि भावनेला वजनकाटा लागत नाही. आमच्या घरी एक खण आहे, त्यात दहाबारा वर्षांच्या पत्रिका साठल्या आहेत. आम्ही स्वयंपाकघरातला काटा घेऊन बसलो. साधी दुघडी पत्रिका पाकिटासकट ४० ग्रॅमच्या आसपास भरली. एक पेटीसारखी होती, मखमल लावलेली, आत सुक्या मेव्याचे कप्पे. मेवा संपून वर्षं झाली, तरी पेटी साडेतीनशे ग्रॅम! ती बाजूला ठेवू. साध्या ५०० पत्रिका म्हणजे २० किलो कागद. एक किलो कागद तयार होताना साधारण एक ते दीड किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो असं ढोबळमानाने धरतात. म्हणजे ५०० पत्रिकांचा भार २० ते ३० किलो.

आता दुसरा हिशेब. आमचे काही नातेवाईक वाईजवळच्या गावी असतात. पुण्याहून जाऊन येऊन १८० किलोमीटरच्या घरात. गाडी लिटरला १५ किलोमीटर देते असं धरा, १२ लिटर पेट्रोल लागलं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलो, मग वायू सव्वादोन किलो कसा, असं कुणी विचारेल. हवेतला ऑक्सिजन त्यात येऊन मिळतो म्हणून. तर १२ लिटरचे झाले २७-२८ किलो. म्हणजे एका घरी पत्रिका द्यायला गाडीने वाईला गेलो, की ५०० पत्रिकांच्या कागदाइतका भार त्या एका फेरीत झाला.

हा आकडा आल्यावर आम्ही जरा गप्प बसलो. कारण ‘कागद वाचवा’ म्हणणाऱ्या मुलीचं बरोबर आहे, पण तिला वाटतं त्या कारणासाठी नाही. फोनवरची पत्रिका कागद वाचवते ते थोडं. खरी वाचवते ती फेरी. आणि ती फेरी वाचवावी की नाही, इथेच सगळी गोम आहे.

झाडांबद्दल एक खुलासा करतो, म्हणजे कुणाला उगाच अपराधी वाटायला नको. आपल्या देशात तयार होणाऱ्या कागदाचा मोठा वाटा रद्दीपासून बनतो, काही उसाच्या चिपाडासारख्या शेतातल्या उरलेल्या मालापासून. प्रत्येक पत्रिकेमागे एक झाड पडतं असं काही नाही. पण पत्रिका नुसता कागद राहिलेली नाही, ही खरी अडचण. तिच्यावर प्लास्टिकचा पातळ थर, सोनेरी वर्ख, चमकी, लेस, चिकटवलेले खडे. असा कागद परत लगद्यात घ्यायला अवघड, म्हणून रद्दीवालाही तोंड वाकडं करतो. आणि वर गणपती! गणपती छापलेली पत्रिका रद्दीत टाकायला कुणाचा हात धजत नाही. म्हणून तर आमचा खण भरला. काही लोक ती निर्माल्याबरोबर देतात, काही पिंपळाच्या पाराशी ठेवून येतात, काही सरळ नदीत सोडतात. तिथे वर्खासकट प्लास्टिक पाण्यात जातं. फोनवरच्या पत्रिकेनेही हा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही बरं का. आमच्या सौ. फोनवरचा गणपतीही पुसत नाहीत. फोन ‘जागा नाही, जागा नाही’ म्हणून ओरडत असतो. (हशा)

आता ज्याला आपण परंपरा म्हणतो ती किती जुनी, तेही पाहायला हवं. छापील पत्रिका ही छापखान्याची लेक. छापखाने आपल्याकडे घरोघरच्या कार्यांसाठी काम करू लागले ते एकोणिसाव्या शतकानंतर. त्याआधी लोक लग्नाला बोलावत नव्हते की काय? बोलावत होते. अक्षत देत होते. कुंकू लावलेले तांदूळ घेऊन, वाजंत्री लावून, घरच्या बायका नि पुरुष घरोघर जात. पहिली अक्षत देवाला. पुण्यात कसबा गणपतीला, कारण तो ग्रामदैवत. मग कुलदैवत, मग मामा, मग आप्त, मग आळीतली घरं. गावाकडे ‘आवतण’ हा शब्द आहे. ‘चूलबंद आवतण’ म्हणजे काय माहीत आहे ना? त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळे आमच्याकडे जेवायला. यात कागद कुठे आहे? कुठेच नाही. माणूस दारात आला, त्याने तांदूळ हातावर ठेवले, तोंडाने सांगितलं, झालं निमंत्रण. पत्रिका आली ती दिवस-वेळ विसरू नये म्हणून मागे ठेवून यायची खूण. कागद ही भेटीची पावती होती. हळूहळू पावतीच मोठी झाली, वर्ख लावून आली, आणि भेट बारीक होत गेली. तेव्हा फोनने काही बिघडवलं असं म्हणणाऱ्यांना आम्ही सांगतो, बिघडायला सुरुवात पोस्टाच्या तिकिटापासून झाली होती.

याचा पुरावा पत्रिकेतच आहे. जुन्या पत्रिकांच्या तळाशी एक ओळ असते, तुम्ही शंभरदा वाचली असेल : हीच समक्ष भेट समजून अगत्य येण्याचे करावे. ही ओळ नीट बघा. ‘समजून’ हा शब्द बघा. भेट झालेली नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. लिहिणाऱ्याला ठाऊक आहे म्हणून तर तो लिहितो. तो म्हणतो, मला यायला हवं होतं, आलो नाही, तेवढं पदरात घ्या. त्या ओळीत थोडी शरम आहे. फोनवरच्या पत्रिकेत ती ओळ बहुधा नसते. आम्हाला कागद गेल्याचं फारसं वाईट वाटत नाही, ती शरम गेल्याचं वाटतं.

आता थोडं व्याकरण. घाबरू नका, दोन मिनिटं. ‘अगत्य येण्याचे करावे’ यातलं ‘करावे’ हे विध्यर्थाचं रूप. संस्कृतात असं रूप कुठल्या कुठल्या अर्थाने वापरायचं, ते पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात मोजून सांगितलं आहे. त्यात त्याने निमंत्रण आणि आमंत्रण हे दोन वेगळे अर्थ म्हणून दिले आहेत. आपण आज हे दोन्ही शब्द एकाच मापाने वापरतो. टीकाकारांनी फरक फार छान उलगडला आहे. निमंत्रण कुठलं? जिथे बोलावलेल्या माणसाला येणं भाग आहे. उदाहरण देतात श्राद्धाच्या जेवणाचं आणि लेकीच्या मुलाचं. दौहित्राला बोलावलं की त्याने ‘जमलं तर बघतो’ म्हणायचं नाही. आणि आमंत्रण कुठलं? जिथे येणं न येणं पाहुण्याच्या मर्जीवर आहे. या, आनंद होईल. नाही आलात तरी राग नाही.

आम्ही त्याच्या खाली तिसरी पायरी धरतो, नुसतं कळवणं. आमच्या घरी असं असं झालं, तुमच्या कानावर असावं. २०२० साली टाळेबंदीत लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली, आठवतं? त्या वर्षी फोनवर ज्या पत्रिका फिरल्या, त्यांतल्या कितीतरी बोलावण्यासाठी नव्हत्याच. ‘घरूनच आशीर्वाद द्यावेत’ असं लिहिलेलं असायचं. कळवणं होतं ते, आणि प्रामाणिक कळवणं होतं. कळवायचं असेल तर फोनसारखं उत्तम साधन नाही. अमेरिकेतल्या मित्राला, जुन्या कचेरीतल्या पंचवीस जणांना, सोसायटीच्या दुसऱ्या इमारतीला कागद छापून पाठवणं ही आज उधळपट्टीच. आमंत्रणालाही फोन पुरतो. भानगड होते ती आपण एकच चित्र तिन्ही प्रकारच्या माणसांना एकाच बोटाने पाठवतो तेव्हा. कळवायच्या माणसाला वाटतं, अरे, आपल्याला बोलावलंय, जायला हवं. आणि ज्याच्यावाचून लग्न अडायला हवं, त्याला वाटतं, आपल्याला नुसतं कळवलंय.

आता आमची चूक.

२०२२ च्या मे महिन्यात आमच्या नातीचं लग्न झालं. लेकीची मुलगी. तिने सांगितलं, “आजोबा, एकही पत्रिका छापायची नाही.” तिचं मन स्वच्छ होतं. ती घरी ओला कचरा जिरवते, कापडी पिशवी विसरली तर भाजी न घेता परत येते. आम्ही लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच की तिला आश्चर्य वाटलं. व्याख्यानात खोटं बोलू नये म्हणून सांगतो, आमचं मन तिच्याइतकं स्वच्छ नव्हतं. वाईजवळच्या त्या गावी आमच्या थोरल्या वहिनी असतात. दादा गेले त्याला वर्षं झाली. वाड्याच्या वाटणीवरून आमच्यात आणि त्यांच्यात दहाबारा वर्षं बोलणं उणं झालेलं. भांडण असं नाही, पण सणावाराला फोन जायचा तो बंद झाला. कागदाची पत्रिका असती तर ती घेऊन त्यांच्या उंबऱ्यावर जावं लागलं असतं. वहिनींनी ‘या भावजी’ म्हटलं असतं की नसतं, कोण जाणे. पर्यावरण आमच्या मदतीला धावून आलं.

पत्रिका आम्ही कुटुंबाच्या गटात टाकली. गटात वहिनींचा मुलगा होता, आमचा पुतण्या. त्याच्या नावासमोर दोन निळ्या खुणा दिसल्या. आम्ही म्हटलं, पोचली. वहिनींचा फोन साधा, बटणांचा. पुतण्याला वाटलं काका आईला वेगळा फोन करतील. काकांना वाटलं पुतण्या आईला सांगेल. लग्न लागलं. दोन दिवसांनी शेजारच्या मुलीने वहिनींना फोटो दाखवले. त्यांचा फोन आला. एवढंच म्हणाल्या, “भावजी, अक्षता टाकण्यापुरते हात अजून चालतात हो माझे.” आणि ठेवला.

ऑस्टिन नावाचे एक इंग्रज तत्त्वज्ञ होते. १९५५ साली त्यांनी हार्वर्डला व्याख्यानं दिली, ती त्यांच्या मृत्यूनंतर १९६२ साली पुस्तकरूपाने आली. आम्ही वर्गात ती कितीतरी वर्षं शिकवली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की बोलणं म्हणजे नेहमी माहिती देणं नसतं. ‘मी वचन देतो’ असं म्हणणं हीच वचन देण्याची कृती. ‘बोलावतो’ म्हणणं हीच बोलावण्याची कृती. पण अशी कृती पुरी व्हायला समोरच्याच्या मनात ती पोचावी लागते. त्याला कळायला हवं की आपल्याला बोलावलं जातंय. नुसता आवाज कानावर पडून भागत नाही. हे आम्ही पोरांना खडूने फळ्यावर लिहून शिकवलं, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा दोन निळ्या खुणांवर विश्वास ठेवला. निळी खूण म्हणजे फोनच्या पडद्यावर काहीतरी उघडलं गेलं, एवढंच. कुणाला बोलावलं, हे ती खूण सांगत नाही. शंभर जणांच्या गटात टाकलेलं निमंत्रण कुणा एकाला दिलेलं नसतं.

फोनवर पाठवायचं म्हणणाऱ्यांनी काही गोष्टी समजून घ्याव्यात. आमच्या नातवाने आम्हाला नंतर शिकवल्या, त्या सांगतो. व्हॉट्सॲपवर एकाच वेळी अनेकांना वेगवेगळा निरोप जावा म्हणून ब्रॉडकास्टची यादी करता येते, तिला २५६ जणांची मर्यादा आहे. आणि गंमत अशी, की ज्याने तुमचा नंबर त्याच्या फोनमध्ये जपून ठेवलेला नाही, त्याला तो निरोप जातच नाही. तुम्ही खुशाल समजता की गेला. म्हणजे जुना मित्र, ज्याच्या फोनमध्ये तुमचा आधीचा नंबर आहे, तो नेमका सुटतो. नंतर तो रुसतो, आणि आपण म्हणतो, ‘पाठवली होती की!’

दुसरी गोष्ट गंभीर आहे. गेल्या काही वर्षांत लग्नपत्रिकेच्या नावाने फसवणूक होते आहे. पत्रिका म्हणून एक फाइल येते, नावाच्या शेवटी एपीके अशी अक्षरं असतात. ती उघडली की पत्रिका नाही, एक कार्यक्रम फोनमध्ये शिरतो आणि बँकेचे निरोप चोरतो. पोलिसांच्या सायबर विभागांनी याबद्दल इशारे दिलेले आहेत. तेव्हा पत्रिका साध्या चित्राच्या किंवा पीडीएफच्या रूपात पाठवा, आणि आलेली पत्रिका तशी नसेल तर ओळखीच्या नावाने आली असली तरी आधी फोन करून विचारा. याचा परिणाम असा झालाय की सावध माणसं आता अचानक आलेली पत्रिका उघडतच नाहीत. म्हणजे आधी फोन, तोंडाने दोन वाक्यं, मग चित्र. ओघाने जुनीच रीत परत आली, फक्त उंबरा फोनचा.

तिसरं आमचं आपलं म्हाताऱ्या माणसाचं मागणं. अक्षरं मोठी ठेवा. दीड मिनिटाच्या चलचित्रात वधूवर धुक्यातून चालत येतात, फुलं उडतात, सनई वाजते, आणि तारीख दोन सेकंद दिसून जाते. वेळ बघायला आम्ही तो धुक्यातला प्रवास पाच वेळा केला आहे. (हशा) एक स्थिर चित्र पुरे. दिवस, वेळ, जागा, कुणाकडचं कार्य. आणि वाचता येत नाही, डोळे अधू आहेत अशांसाठी आपल्या आवाजात अर्ध्या मिनिटाचा निरोप बोलून पाठवा. नाव घेऊन बोला. यात पर्यावरणाचं काहीच जात नाही.

आणि नावं. कागदाच्या पत्रिकेत अर्धं पान नावांचं असायचं. चि. आणि चि. सौ. कां., मग आजी-आजोबा, काका, मामा, आत्या, व्यवस्थापक, शेवटी चिमण्या अक्षरांत किलबिल, ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’. तरुण मंडळींना हे विनोदी वाटतं. पण त्या अर्ध्या पानात एका कुटुंबाने जाहीर केलेलं असायचं की हे सगळे आमचे. विधवा काकूचं नाव घातलं की नाही, वेगळ्या राहणाऱ्या भावाचं आलं की नाही, यावरून घरं दुखावली आहेत आणि सांधलीही आहेत. नातीच्या पत्रिकेत जागा नाही म्हणून आम्ही नावं गाळली होती. पडद्यावर जागा नाही हे काही खरं नव्हे. चित्र दोन असू शकतात.

फोनवरच्या पत्रिकेचा खरा मोठा फायदा मात्र कुणी सांगत नाही. तो कागदात नाही, ताटात आहे. कागदाची पत्रिका गेली की उत्तर येत नसे. ‘येणार का?’ असं विचारणं आपल्याकडे उद्धटपणाचं समजतात. पाहुणा म्हणेल, म्हणजे येऊ नये अशी इच्छा दिसते! मग यजमान अंदाजाने ५०० पानांचा स्वयंपाक सांगतो आणि साडेतीनशे माणसं येतात. दीडशे पानं, पानाला अर्धा किलो अन्न धरा, ७५ किलो अन्न उरलं. ते करायला लागलेलं पाणी, गॅस, शेतातली मेहनत, आणि टाकून दिलं तर सडताना निघणारा वायू. त्याच्यापुढे आपले २० किलो कागद कुठल्या कुठे. फोनवर पाठवलेल्या आमंत्रणाखाली उत्तराची सोय सहज करता येते. कितीजण याल, कोणत्या जेवणाला याल. तरुण मुलं संकोच न करता विचारतात आणि त्यांचे मित्र संकोच न करता सांगतात. हे आपण मोठ्यांनीही शिकावं. पर्यावरणासाठी म्हणून कुणी फोनवर पत्रिका करणार असेल आणि हे उत्तर विचारणार नसेल, तर त्याने बचतीचा मोठा भाग हातचा सोडला असं आम्ही म्हणू.

आता गेल्या वर्षीचं सांगतो. आमच्या मुलाच्या मुलाचं, नातवाचं लग्न. या वेळी एका रविवारी सगळे चटई टाकून बसलो. जुनी वही काढली, ६२० नावं. प्रत्येक नावापुढे आम्ही तीनपैकी एक खूण करायची ठरवली. नुसतं कळवायचं की बोलवायचं, की यांच्यावाचून लग्न लागायचं नाही. वाद झाले, चांगले कडकडून झाले. सूनबाई म्हणाल्या, बाबा, तुमच्या जुन्या सहकाऱ्यांना तिसरी खूण कशाला, ते तुम्हाला फोनही करत नाहीत. बरोबर होतं, खोडली. आम्ही म्हटलं, तुझ्या मैत्रिणींच्या सगळ्या गटाला दुसरी का? तिनेही काही खोडल्या. संध्याकाळपर्यंत तिसरी खूण उरली ३१ घरांपुढे. वहीत एवढी माणसं असून आपली म्हणावीत अशी घरं ३१, हे बघून आमच्या सौ. थोड्या हिरमुसल्या. आम्हाला ते आकड्याने बरोबर वाटलं.

त्या ३१ घरांसाठी आम्ही ४० पत्रिका छापल्या. हातकागदावर, एका रंगात, ना वर्ख ना प्लास्टिक. हातकागद सुती चिंध्यांपासून करतात, त्याला झाड लागत नाही. पुण्याला हा धंदा नवा नाही. कसबा पेठेतला कागदीपुरा कागद करणाऱ्यांच्याच नावाने ओळखला जातो. बियांच्या कागदाचीही टूम निघाली होती, पत्रिका कुंडीत पेरायची आणि तुळस उगवायची. नातवाला आवडली होती. आम्ही म्हटलं, पेरणार कोण? शिवाय गणपती मातीत पुरायला कुणी तयार होणार नाही. (हशा) गणपती आम्ही छापलाच नाही. प्रत्येक पत्रिकेला कुंकवाचं बोट लावलं. नऊ पत्रिका जास्तीच्या छापल्या त्याचं कारण व्यवहाराचं. विवाहनोंदणी करायला गेलं की बहुतेक ठिकाणी इतर कागदांबरोबर लग्नपत्रिका मागतात; नसली तर प्रतिज्ञापत्र करा म्हणतात. नातीच्या वेळी ती धावपळ झाली होती. तेव्हा एकही पत्रिका छापायची नाही म्हणणाऱ्यांनी आपापल्या नोंदणी कार्यालयात आधी विचारून ठेवावं.

छापखान्यांचं काय, असं कुणीतरी विचारणारच. आमच्या ४० पत्रिका छापणाऱ्या गृहस्थांनीच फोनवरचं चित्रही करून दिलं. म्हणाले, हल्ली निम्मं काम पडद्यावरचंच आहे, पैसे कमी मिळतात पण कागद अडकून पडत नाही. त्यांची काळजी आहेच, पण ती आपण वर्ख विकत घेऊन मिटणार नाही.

आणि फेऱ्या. तो १२ लिटरचा हिशेब डोक्यात होता. सातारा, कऱ्हाड, वाई ही घरं एकाच दौऱ्यात घेतली, स्वारगेटहून एसटीने, दोन दिवस. पुण्यातली बरीचशी बसने आणि पायी. गुडघे दुखले. ‘कशाला एवढी दगदग, फोन केला असता तरी चाललं असतं,’ असं प्रत्येक घरी म्हणाले, आणि प्रत्येक घरी चहाबरोबर खायला आलं. तीन ठिकाणी अशा गोष्टी ऐकायला मिळाल्या ज्या फोनवर कुणी बोललं नसतं. एका घरी मुलाची नोकरी गेलेली. एका घरी आजारपण लपवलेलं. एका घरी आमच्याच वागण्याबद्दलची तक्रार, खरी होती.

वाईच्या वहिनींकडे दुपारी पोचलो. त्या ८४ वर्षांच्या आहेत. ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ‘या’ म्हटलं नाही. आम्ही बसलो. पाच मिनिटं त्या तांदूळच निवडत राहिल्या. मग वाड्याचा विषय काढला, सगळा काढला, तारखांसकट. आम्ही ऐकलं. काही गोष्टी आमच्या आठवणीत वेगळ्या होत्या, पण त्या दिवशी त्या सांगायच्या नव्हत्या. बोलून झाल्यावर त्यांनी हात पुसला, पत्रिका घेतली, चष्मा लावून सावकाश सगळी नावं वाचली. आजीच्या नावाच्या ओळीतच त्यांचं नाव होतं. तिथे बोट ठेवून थोडा वेळ थांबल्या. मग पत्रिका देवाजवळ ठेवून आल्या आणि म्हणाल्या, “ही बरी आहे. पण भावजी, ते फोनवरचं पण पाठवा हो. सूनबाईच्या फोनवर पाठवा. शेजारणीला दाखवायला बरं पडतं.”

एसटी सुटायच्या आत आम्ही ते पाठवून दिलं.